जळालेलें जातें कोठें ?

मेणबत्ती जळून संपली म्हणजे ती 'गेली' असें आपण म्हणतों. लांकडें जळलीं म्हणजे तीं 'खाक झालीं' असें म्हणतों. आणि पातेल्यांतील पाणी आटलें म्हणजे तें 'नाहींसें झालें' असेंहि म्हणतों. व्यवहारांत या बोलण्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं. परंतु रसायनशास्त्राच्या वर्गांत आरंभींच विद्यार्थ्यास सांगण्यांत येतें कीं, कोणत्याहि रासायनिक क्रियेंत भाग घेणाऱ्या पदार्थांचें एकंदर वजन क्रियेपूर्वीं जेवढें असतें तेवढेंच क्रियेनंतरहि असतें. विद्यार्थी हें वाक्य पाठ करतो, परीक्षेंत लिहितो, आणि होळीच्या दुसऱ्या दिवशीं मैदानांत जाऊन पाहतो तों गाडीभर लांकडांची घमेलेंभर राख ! पुस्तकांतील वाक्य खरें कीं डोळ्यांनीं पाहिलेलें खरें, हा प्रश्न त्याच्या मनांत उभा राहत नसेल तर तें वाक्य त्यास समजलेंच नाहीं, असें आम्ही म्हणूं. प्रश्न उभा राहत असेल तर त्यानें लाजूं नये. याच प्रश्नापाशीं मोठमोठे पंडित शेंदीडशें वर्षें चांचपडत होते. ते कोठें अडखळले आणि वाट कशी सांपडली, तेवढेंच येथें सांगावयाचें आहे. (शास्त्रकार 'वजन' न म्हणतां 'वस्तुमान' म्हणतात, परंतु एकाच ठिकाणीं एकाच तराजूनें तोलावयाचें असल्यामुळें येथें 'वजन' हा घरगुती शब्द वापरण्यास हरकत नाहीं.)

ब्रुसेल्स शहरीं व्हान हेल्मॉण्ट नांवाचा एक वैद्य होऊन गेला. त्यानें केलेल्या एका प्रयोगाची हकीकत त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ सालीं, छापून प्रसिद्ध झाली. एका मोठ्या कुंडींत त्यानें भट्टींत वाळविलेली २०० पौंड माती तोलून घातली आणि तींत ५ पौंड वजनाचें वाळुंजाचें रोप लावलें. पुढें पांच वर्षें त्या झाडास त्यानें पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यावांचून कांहींएक दिलें नाहीं. बाहेरची धूळ मातींत पडून हिशेब बिघडूं नये म्हणून कुंडीवर बारीक भोंकांचें कल्हईदार लोखंडी झांकणहि बसविलें. पांच वर्षांनीं झाड उपटून तोललें तें १६९ पौंड आणि वर सुमारें ३ औंस भरलें. चार पानगळींत जीं पानें गळून पडलीं तीं त्यानें हिशेबांत धरलींच नव्हतीं. मग माती पुन्हा वाळवून तोलली. ती मूळच्या दोनशें पौंडांस अवघी दोनएक औंस कमी भरली.

आतां वाचकांनींच विचार करावा. सुमारें १६४ पौंड लांकूड, साल व मुळें आलीं कोठून ? मातींतून नव्हे, हें तर तराजूनेंच सांगितलें. पाण्यावांचून दुसरें कांहीं झाडास दिलें नव्हतें. तेव्हां पाण्याचेंच लांकूड झालें, असा निकाल व्हान हेल्मॉण्टनें दिला. युक्तिवाद पाहतां त्यांत कोठें खोट दिसत नाहीं. खोट आहे ती जमाखर्चाच्या वहींत. धुळीसाठीं ज्यानें झांकण केलें त्याच्या हें ध्यानांत आलें नाहीं कीं, झाडाचा सर्व विस्तार पांच वर्षें उघड्या हवेंत उभा होता, आणि हवेच्या नांवाचें खातें वहींत उघडलेलेंच नव्हतें.

याहून नवलाची गोष्ट पुढेंच आहे. आज सर्व जगाच्या तोंडीं असलेला 'गॅस' हा शब्द या व्हान हेल्मॉण्टनेंच प्रचारांत आणला. ६२ पौंड कोळसा जाळला असतां १ पौंड राख उरते व बाकीचे ६१ पौंड वायुरूपानें निघून जातात, असें त्यानेंच लिहून ठेवलें आहे. म्हणजे लांकडांतून कोळशाच्या वाटेनें वायु बाहेर पडतो हें त्यास ठाऊक होतें. तोच वायु हवेंतून पानांच्या वाटेनें पुन्हा लांकडांत येतो, एवढें मात्र त्यास सुचलें नाहीं. दोरीचीं दोन्ही टोकें हातांत असून गांठ पडली नाहीं. ती पडण्यास १८०४ साल उजाडावें लागलें. त्या सालीं जिनीव्हाच्या द सोसूर यानें बंद भांड्यांत वनस्पति वाढवून व हवा मोजून दाखविलें कीं, वनस्पतीचा देह हवेंतील कर्बाम्लवायु (ज्यास आपण आज कार्बन डायऑक्साइड म्हणतों) आणि पाणी या दोहोंपासून बनतो. तेव्हां बिचारा व्हान हेल्मॉण्ट निम्मा बरोबरच होता !

पाण्याची माती होते ही समजूत मात्र पुढें बराच काळ टिकली. तिला पुरावाहि होता. कांचेच्या भांड्यांत शुद्ध पाणी पुष्कळ दिवस उकळत ठेवलें तर तळाशीं पांढुरका गाळ सांपडतो. हा गाळ म्हणजे पाण्याची झालेली माती, असें लोक म्हणत. १७६८ सालीं पॅरिस येथील लाव्हाझिए नांवाच्या पंचविशींतील गृहस्थानें हा पुरावा तपासून पाहण्याचें ठरविलें. त्यानें असें एक कांचपात्र घेतलें कीं, ज्यांत वाफ वर जाऊन थंड होई व पाणी होऊन पुन्हा खालीं येई. बाहेर मात्र कांहीं जाऊं शकत नसे. पात्र अगोदर तोललें, पाणी तोललें, तोंड बंद करून सगळें मिळून पुन्हा तोललें, आणि मग १०१ दिवस तें मंद आंचेवर ठेवलें. एकशें एक दिवसांनंतर एकंदर वजनांत फरक नव्हता. पाण्यांत गाळ दिसत होता. नंतर त्यानें पात्र रिकामें करून, वाळवून, एकटेंच तोललें, तों तें हलकें झालेलें आढळलें. आणि गाळाचें वजन त्या घटीच्या जवळपास भरलें. जी माती पाण्याची म्हणून समजत होते ती कांचेचीच होती. पाण्यानें भांडें विरघळविलें होतें.

आमच्या मतें लाव्हाझिएची खरी थोरवी या पहिल्याच प्रयोगांत दिसते. त्यानें कोणताहि नवा पदार्थ शोधला नव्हता. त्यानें फक्त दोन गोष्टी केल्या. क्रिया चालू असतां दार बंद ठेवलें, आणि आंत असलेली प्रत्येक वस्तु, अगदीं भांडेंसुद्धां, हिशेबांत धरली.

याच सुमारास विद्वानांपुढें दुसरें एक कोडें होतें, आणि तें होळीच्या राखेच्या अगदीं उलट होतें. कथील, म्हणजे ज्याची आपल्या तांब्यापितळेच्या भांड्यांस कल्हई करतात तो धातु, उघड्या भांड्यांत पुष्कळ वेळ तापविला असतां त्याची पांढरी भुकटी होते. शिशाचीहि तशीच भुकटी होते. या भुकटीस धातूचें भस्म म्हणत. आतां लांकूड जळलें म्हणजे हलकें होतें. त्या न्यायानें धातूचें भस्महि धातूहून हलकें व्हावें. परंतु तें भरतें जड ! त्या काळीं जर्मन पंडित श्टाल याचें मत सर्वमान्य होतें. तें असें कीं, प्रत्येक ज्वालाग्राही पदार्थांत 'फ्लोजिस्टन' नांवाचें एक तत्त्व असतें, आणि जळणें म्हणजे तें तत्त्व निघून जाणें. एखाद्या वस्तूंतून कांहीं निघून गेलें असतां ती जड कशी व्हावी ? या शंकेवर कांहींजणांनीं असेंहि उत्तर दिलें कीं, फ्लोजिस्टनला वजन नसून उलट हलकेपणा आहे. आज आपणांस हसूं येतें. परंतु एकदां मत ठाम झालें म्हणजे तराजूलाच खोटें ठरविण्याची बुद्धि मनुष्यास सुचते, त्याचें हें उदाहरण आहे.

वास्तविक झां रे नांवाच्या एका फ्रेंच वैद्यानें १६३० सालींच सांगितलें होतें कीं, भस्माचें वाढलेलें वजन हवेंतून येतें. त्याकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. पुढें इंग्लंडांत रॉबर्ट बॉईल यानें कांचेच्या बंद पात्रांत कथील तापविलें व १६७३ सालीं आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. त्यानें पात्र तापविलें, निवूं दिलें, तोंड फोडलें, आणि मग भस्म तोललें. वजन वाढलें होतें. पात्र तर बंद होतें. तेव्हां अग्नीचे सूक्ष्म कण कांचेंतून आरपार आंत शिरले असावे, असें त्यानें अनुमान केलें. तोंड फोडतांना बाहेरची हवा सूं असा आवाज करून आंत घुसली, हें त्यास ऐकूं आलें होतें. परंतु त्या आवाजाचा अर्थ त्यानें लाविला नाहीं. तोलण्यापूर्वीं दार उघडलें, आणि हिशेबांतील मुख्य रक्कम त्याच क्षणीं दारांतून आंत आली !

रशियांत लोमोनोसोव्ह यानें १७५६ सालीं तोच प्रयोग पात्र न फोडतां तोलून केला, आणि वजनांत फरक पडत नाहीं असें त्यास आढळलें. त्याचें हें काम पश्चिम युरोपांत त्या वेळीं फारसें कोणास कळलें नाहीं. १७७४ सालीं लाव्हाझिएनें कथील घेऊन हा प्रयोग पुरा केला. बंद पात्र तापविण्यापूर्वीं तोललें. तापवून, निववून, न उघडतां पुन्हा तोललें. वजन तेंच. म्हणजे अग्नीचे कण वगैरे कांहीं आंत आलें नाहीं. मग तोंड फोडलें. हवा आंत शिरली, आणि आतां मात्र पारडें खालीं गेलें. जेवढी हवा शिरली तेवढेंच वजन कथिलाचें भस्म होतांना वाढलें होतें. तेव्हां कथिलानें पात्रांतील हवेचा कांहीं भाग गिळला होता, त्यानें पोकळी झाली होती, आणि ती भरण्यास बाहेरची हवा धांवली, हा उलगडा झाला.

गिळलेला हा भाग कोणता, हें पाऱ्याच्या प्रसिद्ध प्रयोगानें ठरलें. लाव्हाझिएनें पारा १२ दिवस हवेंत तापवीत ठेवला. हवा ५० घन इंच होती ती ४२ ते ४३ घन इंच राहिली, आणि पाऱ्यावर तांबडी भुकटी जमली; ती ४५ ग्रेन भरली. उरलेल्या हवेंत ज्योत विझे व उंदीर मरे. मग ती तांबडी भुकटी वेगळी काढून अधिक आंचेवर तापविली, तों तिजपासून ४१½ ग्रेन पारा परत मिळाला आणि ७ ते ८ घन इंच असा वायु निघाला कीं, त्यांत मेणबत्ती डोळे दिपतील अशी जळे. जेवढी हवा हरवली होती तेवढीच ती परत आली. हाच प्राणवायु. इंग्लंडांत प्रीस्टली यानें व स्वीडनमध्यें शेले यानें तो याआधींच मिळविला होता. परंतु त्याचें खातें जमाखर्चांत कोठें घालावयाचें, हें लाव्हाझिएनें सांगितलें.

जमाखर्चाचा शब्द आम्ही वारंवार योजतों तो उगाच नव्हे. लाव्हाझिए हा सरकारी कर वसूल करण्याचा मक्ता घेतलेल्या मंडळीचा भागीदार होता. सकाळसंध्याकाळ प्रयोगशाळेंत आणि दिवसा कचेरींत, असा त्याचा क्रम असे. पॅरिस शहरांत चोरवाटांनीं माल येऊन जकात बुडते, म्हणून शहराभोंवतीं भिंत घालून वेशीवेशींवर नाकीं बसवावीं, ही सूचना त्याचीच. बंद पात्राची कल्पना आणि भिंतीची कल्पना एकाच डोक्यांतून निघाल्या, यांत आम्हांस तरी आश्चर्य वाटत नाहीं. भिंतीनें मात्र लोकांचा रोष ओढवला. राज्यक्रांतीच्या धामधुमींत, ८ मे १७९४ रोजीं, आपल्या सासऱ्यासह व इतर मक्तेदारांसह त्याचा शिरच्छेद करण्यांत आला. त्याची पत्नी मारी-आन् ही त्याच्या प्रयोगांचीं टिपणें ठेवी, उपकरणांच्या आकृत्या काढी, आणि नवऱ्यास इंग्रजी येत नसल्यामुळें इंग्रजी ग्रंथांचें भाषांतर करून देई. १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मुख्य ग्रंथांतील उपकरणांचीं चित्रें तिच्याच हातचीं आहेत.

या ग्रंथांत, द्राक्षरस आंबून त्याचें मद्य कसें होतें हें सांगतांना, लाव्हाझिएनें तो नियम स्पष्ट शब्दांत मांडला आहे. क्रियेपूर्वीं जेवढें द्रव्य तेवढेंच क्रियेनंतर असतें असें गृहीत धरल्याखेरीज प्रयोग करण्यास अर्थच उरत नाहीं, असें तो म्हणतो. आणि लागलीच द्राक्षरस एका बाजूस व कर्बाम्लवायु आणि मद्यार्क दुसऱ्या बाजूस असें बीजगणितांतल्यासारखें समीकरण लिहितो. विद्यार्थी आज वहींत जीं समीकरणें संतुलित करतात त्यांचें मूळ हें. पुष्कळ विद्यार्थी अक्षरांपुढें दोन, तीन असे आंकडे बसविणें हें एक कोडें समजतात व तें कसें तरी जुळवितात. आंकडा बसवावयाचा तो याचसाठीं कीं, डाव्या बाजूचा एकहि अणु उजवीकडे पोंचल्यावांचून राहूं नये आणि उजवीकडे एकहि अणु आगंतुक येऊं नये. अणु तेच राहतात, त्यांच्या जोड्या मात्र बदलतात. म्हणून वजन बदलत नाहीं.

आतां आरंभींची मेणबत्ती पाहूं. मेणाचे १४ ग्रॅम पूर्ण जळण्यास हवेंतील सुमारें ४८ ग्रॅम प्राणवायु लागतो. दोन्ही मिळून ६२. जळल्यावर ४४ ग्रॅम कर्बाम्लवायु व १८ ग्रॅम पाण्याची वाफ होते. दोन्ही मिळून ६२. म्हणजे मेणबत्ती 'जाते' ती आपल्या वजनाच्या चौपटीहून अधिक माल मागें ठेवून जाते. तो माल डोळ्यांस दिसत नाहीं इतकेंच. ज्योतीवर क्षणभर थंड कोरडा पेला उपडा धरला तर आंत दंव जमतें, तें त्यांतलें पाणी. त्याच पेल्यांत चुन्याची निवळी घालून हालविली तर ती दुधट होते, ती कर्बाम्लवायूमुळें. लांकडाचेंहि असेंच. कथिलाचें भस्म जाग्यावर बसतें म्हणून जड दिसतें, आणि लांकडाचें 'भस्म' बहुतेक वायुरूप होऊन उडतें म्हणून हलकें दिसतें. दोहोंनीं प्राणवायु घेतला आहे तो सारखाच. अंगणांत केरकचरा व प्लॅस्टिक पेटवून 'सगळें नाहींसें केलें' असें समजणाऱ्यांनींहि हा हिशेब पाहण्यासारखा आहे. कचरा कमी झालेला नसतो; शेजाऱ्याच्या खिडकींतून आंत जाण्याजोगा झालेला असतो.

आपल्याकडील चुन्याच्या भट्टीचें उदाहरण तर मेणबत्तीहून सुरेख आहे. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली असतां ५६ किलो कळीचा चुना मिळतो. उरलेले ४४ किलो कर्बाम्लवायु भट्टीच्या तोंडांतून निघून जातो. हा तोटा हवेचा आहे हें स्कॉटलंडांत जोसेफ ब्लॅक यानें लाव्हाझिएच्याहि आधीं, १७५६ सालीं, तोलून सिद्ध केलें होतें. पुढें गवंडी त्या ५६ किलो चुन्यावर पाणी घालतो. त्यांतील १८ किलो पाणी चुन्यांत मुरून ७४ किलो फक्की होते. ती भिंतीस लागली म्हणजे सावकाश, वर्षानुवर्षें, हवेंतून ४४ किलो कर्बाम्लवायु ओढून घेते व १८ किलो पाणी सोडून देते. आणि शेवटीं भिंतींत पुन्हा १०० किलो चुनखडी होते. जुन्या वाड्यांच्या व किल्ल्यांच्या चुनेगच्ची भिंती दगडासारख्या घट्ट झाल्या आहेत त्या याच कारणानें. भट्टींतून जें गेलें तेवढेंच भिंतीनें परत घेतलें.

हा नियम अगदीं तंतोतंत खरा आहे काय, अशी शंका जर्मनीत लांडोल्ट यास आली. त्यानें कांचेच्या बंद नळ्यांत एकमेकांशीं संयोग पावणारे पदार्थ वेगवेगळे भरले, तोलले, नळी कलती करून मिसळूं दिले, आणि पुन्हा तोलले. आरंभीं त्यास किंचित् घट आढळली; १८९३ सालीं त्यानें ती प्रसिद्धहि केली. दुसरा कोणी असता तर नियम मोडल्याची दवंडी पिटून मोकळा झाला असता. लांडोल्ट मात्र पंधराएक वर्षें त्या घटीच्या मागें लागला. शेवटीं त्यास दिसून आलें कीं, क्रियेच्या उष्णतेनें नळी किंचित् फुगते, आणि तिच्या बाहेरील पृष्ठावरचा ओलावा उडतो. हीं दोन्ही कारणें वजा घातल्यावर फरक राहिला तो एक कोटींत एका भागाहूनहि कमी, म्हणजे तराजूच्या चुकीच्या आंतला.

तथापि आइन्स्टाइननें १९०५ सालीं दाखविलें कीं, शक्तीलाहि वस्तुमान आहे. त्यामुळें जी क्रिया उष्णता व प्रकाश बाहेर टाकते तिचें वस्तुमान त्या मानानें घटलेंच पाहिजे. पन्नास ग्रॅमची मेणबत्ती पूर्ण जळली तर ही घट एका ग्रॅमच्या सुमारें चार कोटाव्या हिश्श्याइतकी होईल. वाण्याचा कांटा तर राहोच, लांडोल्टचा तराजूहि ती दाखवूं शकला नसता. सूर्याच्या पोटांत चालते ती क्रिया रासायनिक नव्हे, अणुगर्भाची आहे. तेथें दर सेकंदास सुमारें ४० लक्ष टन वस्तुमान किरणांच्या रूपानें बाहेर पडतें. अर्थात् किरणांचेंहि खातें वहींत उघडलें तर जमाखर्च पुन्हा बरोबर जुळतो.

ज्यांच्या घरीं ग्रॅमचा दशांश दाखविणारा कांटा असेल त्यांनीं दोन प्रयोग अवश्य करून पाहावे. पहिल्यांत बाटलींत शिर्का घ्यावा, फुग्यांत पांच ग्रॅम खाण्याचा सोडा भरून फुगा बाटलीच्या तोंडास ओढून बसवावा, सगळें तोलावें, आणि फुगा उलटा करून सोडा आंत पाडावा. (फुग्याऐवजीं घट्ट बूच मारूं नये, बाटली फुटेल.) फुगा फुगतो, कांहीं निसटत नाहीं, आणि तरीहि कांटा एक-दीड ग्रॅम कमी दाखवितो ! नियम मोडला काय ? नव्हे. फुगलेला फुगा एक लिटरहून अधिक हवा बाजूस सारतो. पाण्यांत बुडविलेली घागर जशी हलकी लागते तसा तोहि हवेंत हलका लागतो, आणि एक लिटर हवेचें वजन सुमारें १.२ ग्रॅम असतें. दुसऱ्या प्रयोगांत एका बाटलींत चुन्याची निवळी, दुसरींत धुण्याच्या सोड्याचें पाणी घ्यावें, दोन्ही बाटल्या एकत्र तोलाव्या, एकींतलें पाणी दुसरींत ओतावें, आणि रिकाम्या बाटलीसह पुन्हा तोलाव्या. पाणी दुधासारखें पांढरें होतें, कांहीं वेळानें तळाशीं खडू बसतो, वायु निघत नाहीं, कांहीं फुगत नाहीं. आणि कांटा जेथें होता तेथेंच राहतो.